सतत बघितलं जाणारं शरीर



समाजमाध्यमं आणि शरीराची प्रतिमा हा विषय कळवला, तेव्हा व्याख्यानमालेच्या संयोजकांपैकी एकांनी काळजीनं विचारलं, ‘विषय कॉलेजच्या मुलींचा आहे, आपल्याकडे येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. जमेल ना?’ मी त्यांना म्हटलं, मला त्यांच्याशीच बोलायचं आहे. मुलीला तिच्या शरीराबद्दलचं पहिलं मत फोन ऐकवत नाही. ते आजी ऐकवते, आत्या ऐकवते, लग्नात भेटलेल्या काकू ऐकवतात. ‘किती वाळलीस गं!’ ‘अंग फारच सुटलंय हं तुझं.’ ‘उन्हात हिंडू नकोस, काळवंडशील.’ फोन हातात येतो तो यानंतर. तोवर त्या मुलीला एक गोष्ट पक्की ठाऊक झालेली असते : माझ्या शरीराबद्दल कुणीही, कधीही, काहीही बोलू शकतं.

माझं मुख्य म्हणणं आधीच मांडते. ‘आहे तसं आपलं शरीर स्वीकारा, त्याच्यावर प्रेम करा’ हे आज रील्समध्ये ऐकू येतं, साबणाच्या जाहिरातीत ऐकू येतं, कॉलेजच्या भित्तिपत्रकावर वाचायला मिळतं. बॉडी पॉझिटिव्हिटी हे नाव आपल्या मुलींच्या तोंडी रुळलं आहे. सांगणं चांगलं आहे, माझा त्याला विरोध नाही. पण ही चळवळ जिथून निघाली तिथे ती समाजाकडे केलेली मागणी होती. फोनपर्यंत येता येता ती मुलीला केलेली आज्ञा झाली. आम्हाला नोकरी द्या, दवाखान्यात नीट तपासा, बसायला पुरेशी जागा द्या, असं तेव्हा जगाला बजावलं जात होतं. आता मुलीला सांगितलं जातं, तू स्वतःवर प्रेम कर. आणि नाही जमलं तर? तर तोही दोष तिचाच. हा भार तिच्या डोक्यावर कसा चढला आणि तो उतरवायला कुणी हात लावायला हवा, हे मला आज बोलायचं आहे.

सुरुवात थोडी लांबून करते. १९६७ सालचा जून महिना, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क. सुमारे पाचशे माणसं तिथे जमली. बहुतेक जण स्थूल होते. हातात फलक होते, सोबत खाण्याचे डबे होते. त्यांनी उघड्यावर बसून पोटभर खाल्लं, आणि वजन घटवण्याची पुस्तकं जाळली. त्या काळी ट्विगी या अतिशय सडपातळ ब्रिटिश मॉडेलचं नाव गाजत होतं. तिचं छायाचित्रही त्यांनी जाळलं. चारचौघांत खाणं हे आंदोलन कसं होतं, हे ज्यांना जाड म्हणून कधी कुणी हिणवलं नाही त्यांना चटकन कळणार नाही. ज्यांना हिणवलं गेलं आहे, त्यांना सांगावं लागणार नाही. पंगतीत दुसरी पोळी मागताना आजूबाजूला बघणाऱ्या किती बायका या सभागृहात असतील!

दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, बिल फॅब्रे नावाच्या एका तरुण अमेरिकन इंजिनिअरनं, आपल्या पत्नीला जाडेपणावरून मिळणाऱ्या वागणुकीनं अस्वस्थ होऊन, स्थूल माणसांच्या हक्कांसाठी संघटना काढली. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या काही स्त्रियांनी जाहीरनामा लिहिला. त्यांची भाषा आणखी कडक होती. जुडी फ्रीस्पिरिट आणि अल्डेबरान या दोघी तो लिहिण्यात पुढे होत्या. त्यात मागणी कशाची होती? नोकरीत भेदभाव नको. शिक्षणात नको. सार्वजनिक जागा, कपडे, वैद्यकीय सेवा यांत नको. वजन घटवण्याच्या नावाखाली खोटी आश्वासनं विकणाऱ्या धंद्यांना त्यांनी सरळ शत्रू म्हटलं होतं. माझ्या शरीराचं कौतुक करा, असं त्यांनी कुणाकडे मागितलं नव्हतं. माझं शरीर कसंही असो, माणूस म्हणून माझं जे आहे ते मला द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आता तिथून उडी मारून २००४ सालात या. डव्ह या साबणाच्या ब्रँडनं ‘खऱ्या सौंदर्या’ची मोहीम सुरू केली. जाहिरातीत वेगवेगळ्या वयाच्या, बांध्याच्या, वर्णाच्या स्त्रिया आल्या. त्या बघून कित्येकींना बरं वाटलं असेल, आणि त्या बऱ्या वाटण्याला मी कमी लेखत नाही. पण डव्ह युनिलिव्हरचं. आणि युनिलिव्हरच्याच भारतीय कंपनीनं १९७५ साली फेअर अँड लव्हली बाजारात आणलं होतं. एका हातानं ‘तू आहेस तशी सुंदर आहेस’, दुसऱ्या हातानं ‘तू थोडी उजळलीस तर नोकरी लागेल, लग्न जमेल’. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतर वर्णभेदाविरुद्ध मोठा उद्रेक झाला, तेव्हा या क्रीमचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. नाव बदललं, डबी दुकानात राहिली. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, ती मला जास्त मोलाची वाटते. शादी डॉट कॉमवर वर्णानुसार स्थळं निवडण्याची सोय होती. अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली आणि ती सोय काढून टाकावी लागली. या स्त्रियांनी स्वतःच्या वर्णावर प्रेम करायचा निश्चय जाहीर केला नव्हता. त्यांनी एका कंपनीला एक गोष्ट बंद करायला लावली. दोन्हींतला फरक कृपया लक्षात ठेवा, मला त्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता पडद्याविषयी. पडदा माणसाच्या मनात नेमकं काय करतो, याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण फिजी बेटांवरचं आहे. फिजीमध्ये परंपरेनं भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगलं मानलं जाई. कुणी बारीक होऊ लागलं की घरच्यांना घोर लागे, कारण त्याचा अर्थ या माणसाकडे कुणाचं लक्ष नाही असा होई. आपल्याकडेही अंग न धरणाऱ्या लेकरासाठी आई हवालदिल होते, बाळसं दिसलं की दृष्ट काढते, तीट लावते. १९९५ साली फिजीच्या नाद्रोगा प्रांतात टेलिव्हिजन पोचला. हार्वर्डच्या संशोधक अॅन बेकर तिथे आधीपासून काम करत होत्या. टीव्ही आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी शाळकरी मुलींना खाण्याविषयी, शरीराविषयी प्रश्न विचारले. १९९८ साली त्याच भागातल्या मुलींना तेच प्रश्न पुन्हा विचारले. खाण्याबाबत काळजी करण्याजोगी लक्षणं असलेल्या मुली पहिल्यांदा १२.७ टक्के होत्या, तीन वर्षांनी २९.२ टक्के. आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या? १९९५ साली एकही नव्हती. १९९८ साली ११.३ टक्के.

तीन वर्षं! हजारो वर्षांची खाण्यापिण्याची रीत, आणि तीन वर्षं. मुलींचे गट लहान होते, साठ-पासष्ट मुलींचे, हे सांगायला हवं. पण आकड्यांइतकंच महत्त्वाचं त्या मुली काय बोलल्या ते आहे. मालिकांतल्या बायका सडपातळ आहेत, त्यांना नोकऱ्या आहेत, मान आहे. आपणही तशा झालो तर आपल्यालाही नोकरी मिळेल, असं त्या सांगत होत्या. म्हणजे त्यांना नुसतं छान दिसायचं नव्हतं. बदलत्या जगात शिरायचं दार त्यांना बारीक शरीरात दिसलं. आपल्या तालुक्याच्या गावातली मुलगी रोज दोन पोळ्यांची एक करते, तेव्हा तिला थिल्लर म्हणण्याआधी तिला कोणतं दार दिसतं आहे ते विचारा.

फिजीच्या मुलींसमोर पडद्यावर परक्या देशातल्या नट्या होत्या. आजच्या मुलीच्या हातातल्या पडद्यावर तिच्या वर्गातली मुलगी आहे, तिची मामेबहीण आहे, आणि मुख्य म्हणजे ती स्वतः आहे. अनेक फोनचा कॅमेरा ती काही ठरवण्याआधीच तिची कातडी गुळगुळीत करतो, हनुवटी निमुळती करतो. मग आरशातला चेहरा तिला चुकलेला वाटू लागतो. आणि प्रत्येक छायाचित्राखाली आकडा असतो. वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत वर्ण आणि उंची यांचे रकाने होते, पण ती वही वर्षातून कधीतरी उघडे. हा आकडा रात्री बारालाही वाढतो किंवा वाढत नाही.

कंपन्यांना हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी स्त्रीनं कंपनीची अंतर्गत कागदपत्रं उघड केली. त्यांत इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या संशोधकांचे निष्कर्ष होते. शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी त्यांना सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते वाईट वाटणं आणखी वाढतं. कंपनीचा खुलासा असा की एकटेपणा, दुःख अशा इतर बऱ्याच बाबतींत मदत होते असं सांगणाऱ्या मुली जास्त होत्या. तो खुलासा मी जसाच्या तसा मान्य करते, तरी माझा प्रश्न उरतोच. बाकीच्या अडचणींत मदत होते आणि नेमकं शरीराच्या बाबतीत नुकसान होतं, हे हातात आल्यावर तुम्ही काय बदललंत?

दुसरी गोष्ट टिकटॉकची. २०२० साली त्यांच्या जुन्या अंतर्गत सूचना पत्रकारांच्या हाती लागल्या. कोणते व्हिडिओ नव्या प्रेक्षकांपुढे आणायचे नाहीत, याची त्यात यादी होती. स्थूल माणसं, फार बारीक माणसं, सुटलेलं पोट, सुरकुत्या, अपंगत्व. आणि त्याच यादीत पडकी, गरीब घरं. सूचना आता वापरात नाहीत, छळ टाळण्यासाठी त्या होत्या, असं कंपनीनं म्हटलं. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे टिकटॉक बंद झालं, पण तोवर ते आपल्या खेड्यापाड्यांत पोचलं होतं. शेताच्या बांधावर नाचणारी पोरं, पत्र्याच्या घरासमोर संवाद म्हणणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. ज्या यंत्रणेला सुरकुतलेला चेहरा आणि पोपडे निघालेली भिंत एकाच कारणासाठी नकोशी वाटते, ती सौंदर्याबद्दल बोलतच नसते. कोणाला जगात दिसण्याचा हक्क आहे, याचा ती निवाडा करत असते.

आता मी माझ्या विषयाच्या मध्यावर येते. आणि इथे मला तरुण मैत्रिणींचं विशेष लक्ष हवं आहे.

समजा, यंत्रणा सुधारली. समजा, तुमच्या फोनवर बारीक शरीरांऐवजी सगळ्या प्रकारची शरीरं दिसू लागली, खाली ‘स्वतःवर प्रेम करा’ असं लिहिलेलं. तर प्रश्न सुटेल का? २०१९ साली ऑस्ट्रेलियात यावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १९५ तरुणींपैकी काहींना सडपातळ मॉडेलसारखी छायाचित्रं दाखवली, काहींना शरीर स्वीकारा असं सांगणारी, काहींना शरीराशी संबंध नसलेली. स्वीकाराची छायाचित्रं पाहणाऱ्यांना बरं वाटलं, स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान वाढलं. हे खरंच झालं आणि ते आनंदाचं आहे. पण दुसरीही एक गोष्ट आढळली. सडपातळ छायाचित्रं पाहणाऱ्या असोत की स्वीकाराची, दोन्ही गटांतल्या मुली नंतर स्वतःचा विचार करताना आपल्या दिसण्यावर जास्त बोलल्या. शरीराशी संबंध नसलेली छायाचित्रं पाहणाऱ्या मुली तसं बोलल्या नाहीत.

म्हणजे काय झालं? शेरा बदलला, तपासणी चालूच राहिली. आधी ‘तू नापास’ असा शेरा होता, आता ‘तू पास’. पण परीक्षा रोजची, आणि विषय एकच.

या तपासणीची किंमत काय असते, तेही कुणीतरी मोजून पाहिलं आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या बार्बरा फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एकेकट्यानं खोलीत पाठवलं. खोलीत मोठा आरसा होता. काहींना पोहण्याचा पोशाख घालायला सांगितला, काहींना स्वेटर. खोलीत बघणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याच कपड्यांत त्यांनी गणितं सोडवली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गणितात कमी गुण मिळाले. मुलांच्या बाबतीत तसं घडलं नाही.

खोलीत कुणी नव्हतं, श्रोतेहो! बघणारी ती स्वतःच होती. लहानपणापासून इतरांनी तिच्याकडे इतकं बघितलं होतं की ते काम आता तिनं स्वतःकडे घेतलं होतं. बुद्धीचा जो वाटा गणिताला मिळायचा, तो पोट आत ओढण्यात गेला. मी वर्गात शिकवते. बाकावर बसलेली मुलगी दर काही मिनिटांनी कुर्ता पोटावरून सोडवते, ओढणी नीट करते, हात दंडाभोवती गुंडाळते. तिचं अर्धं मन तिथे आहे. उत्तर येत असूनही ती हात वर करत नाही, कारण हात वर केला की दंड दिसतो. या गेलेल्या लक्षाचा हिशेब कोणत्या गुणपत्रिकेवर येतो?

मुलग्यांना यातून सूट होती. ती आता संपत चालली आहे. कोल्हापूरच्या तालमीत शरीर कमावलं जाई ते कुस्तीसाठी. मल्लाचं पोट सपाट आहे की नाही हे कुणी बघत नसे, त्याची मान आणि पकड बघत. दूध, तूप, बदामाची थंडाई, हजारो बैठका, सगळं आखाड्यात उतरण्यासाठी. आता गावोगावच्या जिममध्ये पोरगा शर्ट काढून आरशासमोर फोन धरतो. पोटावर चौकोन उठले पाहिजेत, दंडाच्या शिरा दिसल्या पाहिजेत. त्यासाठी पाणी तोडतात, मिळेल ती भुकटी घेतात, कुणी सांगितलं म्हणून इंजेक्शनंही घेतात. त्याच्या शरीराचं काम काय आहे? फोटो. मुलींसाठी जे चुकीचं होतं ते मुलग्यांनाही मिळालं म्हणून समानता आली, असं कुणी समजू नये.

पण सगळं फोनवर ढकलून आपण मोकळे झालो तर ते खोटं ठरेल. उमादेवी खत्री यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? १९४७ साली ‘दर्द’ चित्रपटात नौशाद यांच्या संगीतात गाऊन त्यांचा आवाज देशभर पोचला. पुढे त्या विनोदी भूमिकांकडे वळल्या आणि त्यांचं नाव टुणटुण झालं. त्या मोठ्या कलावंत होत्या. पण आपण त्यांचं नाव घेतलं आणि शाळेतल्या प्रत्येक जाड मुलीला चिकटवलं. हे करायला आपल्याला इंटरनेट लागलं नव्हतं. बारीक असेल तर पाप्याचं पितर, नाक बसकं असेल तर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आपल्या म्हणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. ज्या समाजाचा विठ्ठल काळा आहे आणि गणपती मोठ्या पोटाचा, त्याच समाजात स्थळाच्या माहितीपत्रकात ‘वर्ण : निमगोरा’ लिहावं लागतं. देवाला जे शोभतं ते लेकीला का शोभू नये?

आता एक आक्षेप येईल. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याला वेळ देते. ‘मग काय, लठ्ठपणा चांगला म्हणायचा? मधुमेह, रक्तदाब, गुडघे, हे काय खोटं?’ खोटं नाही. पण डोळ्यांनी आरोग्य ओळखता येतं, हे मात्र खोटं आहे, आणि याचा पुरावा पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा : २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सारखे दिसणारे दोघे आतून इतके वेगळे! पुण्याजवळच्या गावांत त्यांच्या गटानं १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्पटनची ३.५ किलोची. आपली बाळं किडकिडीत, पण कमी होता तो मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे ज्या सडपातळ शरीराला आपण निरोगी म्हणून शाबासकी देतो, त्यात मधुमेह दबा धरून असू शकतो. आणि त्याचं मूळ बऱ्याचदा त्या माणसाच्या जिभेत नसतं, त्याच्या आईच्या ताटात असतं.

बीएमआयचं गणित मुळात केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञानं १८३० च्या दशकात मांडलं, ते सरासरी माणूस शोधण्यासाठी. लोकसमूहाचा अंदाज घ्यायला ते उपयोगी आहे. एका माणसाचं चारित्र्य ठरवायला नाही. देशाच्या २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के प्रमाणाबाहेर वजनाच्या, १८.७ टक्के प्रमाणापेक्षा बारीक, आणि ५७ टक्के रक्तक्षय असलेल्या आढळल्या. या शेवटच्या आकड्यावर रील निघत नाही. रक्त कमी असलेली मुलगी फोटोत छान दिसते. नाजूक दिसते. आपण तिचं कौतुक करतो.

शिवाय, लाजवून कुणी बरं होत नाही. जिला प्रत्येक वेळी ‘आधी वजन कमी करा’ एवढंच ऐकून परत यावं लागतं, ती हळूहळू दवाखान्यात जायचं टाळते. गाठ लागली तरी टाळते. पाळी महिनोन्‌महिने आली नाही तरी टाळते. १९७३ च्या त्या स्त्रिया वैद्यकीय सेवेत समान वागणूक मागत होत्या त्याचं कारण हेच होतं. २०२५ मध्ये आपल्याकडे वजन उतरवणारी मौंजारो, वेगोव्ही ही नवी औषधं आली. ज्यांना आजारासाठी ती लागतात त्यांनी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावीत. त्यात चळवळीशी गद्दारी नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर ते निर्दयपणाचं आहे. मला भीती आहे ती साखरपुड्याआधी दोन महिने इंजेक्शन घेऊ पाहणाऱ्या मुलीची. तिला आजार नाही, तिला पाहुण्यांची नजर आहे.

तर मग करायचं काय? मुलीला आणखी एक काम द्यायचं नाही, हे पहिलं. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी सुंदर आहे’ म्हणायला तिला सांगू नका. तिला नाही वाटलं तरी चालेल. शरीर आवडलंच पाहिजे असं नाही. त्याला वेळेवर जेवू घालायचं, झोपू द्यायचं, खेळू द्यायचं, दुखलं तर दाखवायचं, एवढं पुरे आहे. पोहायला जाणाऱ्या मुलीला पाण्यात आपले हात किती जोर लावतात हे कळतं. मांड्या किती जाड आहेत हा विचार त्या वेळी मागे पडतो. म्हणून शाळांनी मुलींचा खेळाचा तास अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी काढून घेऊ नये. माझी ही जुनी मागणी आहे आणि ती मी दर व्यासपीठावरून करत राहीन. वजन-उंचीचा आकडा वर्गासमोर मोठ्यानं वाचू नये. कपड्यांच्या दुकानांनी ‘तुमच्या मापाचं येत नाही’ म्हणताना चेहरा बदलू नये, आणि माप ठेवावं.

घरातल्यांनी एक नियम करावा : कुणाच्याही शरीरावर, चांगलंसुद्धा, बोलायचं नाही. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हेही नको. ती टायफॉइडनं बारीक झाली असेल, प्रेमभंगानं झाली असेल. २०२१ ची मिस युनिव्हर्स हरनाझ संधू हिचं वजन वाढलं म्हणून लोकांनी तिला हवं तसं फाडून खाल्लं, तेव्हा तिला सांगावं लागलं की तिला सिलियाक हा आजार आहे. असा खुलासा द्यायची वेळ कुणावरही का यावी? विचारायला इतर कितीतरी आहे. काय वाचतेस, कुणाशी भांडलीस, पगार वेळेवर होतो का?

फोनच्या बाबतीत, कॅनडात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २२० तरुण-तरुणींपैकी अर्ध्यांनी तीन आठवडे समाजमाध्यमांचा वापर दिवसाला तासाभरावर आणला. त्यांना आपलं दिसणं आणि वजन यांविषयी आधीपेक्षा बरं वाटू लागलं. शरीर तेच होतं. तासभराची मर्यादा घरातल्या मोठ्यांनीही पाळली तरच ती पोरांकडून पाळली जाईल, हे उघड आहे.

पण घरानं सगळं पेलावं, हेही मला मान्य नाही. नॉर्वेनं २०२२ पासून कायदा केला की जाहिरातीतल्या शरीराच्या छायाचित्रात आकार किंवा कातडी बदलली असेल तर तसं लिहावं लागेल. पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरनाही तो लागू आहे. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवरची खातीच बंद केली. मला निव्वळ बंदी पुरेशी वाटत नाही. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर त्या मुलीला तीच यंत्रणा जशीच्या तशी भेटणार आहे. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात एक तरतूद आहे आणि तिच्याबद्दल मराठीत फार थोडं बोललं गेलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्याचा माग काढायचा नाही आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं ती म्हणते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होणार आहे. मघाशी वर्णाचा रकाना काढून टाकायला लावणाऱ्या स्त्रियांबद्दल बोलले, ते यासाठी : ही तरतूद कागदावर राहू नये म्हणून आपल्यालाही तशीच मागणी लावून धरावी लागेल.

पालक-शिक्षक संघांनी, महिला मंडळांनी, ग्रंथालयांनी, या व्याख्यानमालेनंसुद्धा, आतापासून पत्रं लिहायला हवीत, मराठीत, आपापल्या खासदारांना आणि कंपन्यांच्या इथल्या तक्रार अधिकाऱ्यांना. पत्रात विचारायचं ते असं : चौदा वर्षांची मुलगी पोट कमी करण्याच्या एका व्हिडिओवर काही सेकंद थांबली, तर पुढचे वीस व्हिडिओ तिला त्याच विषयाचे का दिसतात? त्यातल्या किती जाहिराती आहेत? तिचं थांबणं कुठे नोंदलं गेलं, किती दिवस साठवलं जाणार, आणि ते पुसायचं असेल तर बटण कुठे आहे? पत्राचा मसुदा मी सोबत आणला आहे. प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. सहीसाठी जागा खाली आहे, आणि गावाचं नाव लिहायला विसरू नका.